बीजाची घंटी

माझ्या हातून आजवर एकही वस्तू काटकोनात झालेली नाही. वाढयाच्या घरात, म्हणजे तुमच्याकडच्या सुताराच्या घरात, जन्म घेऊन हे सांगायचं म्हणजे हलवायाच्या पोरीनं मला पाक जमत नाही म्हणण्यासारखं आहे. बाबांनी बसवलेल्या दारातून वारासुद्धा विचारून आत येई. मी केलेलं एकुलतं एक स्टूल अजून माझ्या घरी आहे. त्यावर बसलेला पाहुणा हळूहळू खिडकीकडे वळत जातो आणि चहा संपायच्या आत उठतो, म्हणून मी ते मोडत नाही. भाच्यापुतण्या जमल्या की त्या स्टुलावरून माझी चेष्टा होते आणि मग कोणीतरी विचारतंच, "आत्या, तुला लाकूडकाम शिकवलं कोणी?" मी दरवेळी वेगळं नाव सांगते. कधी बाबांचं, कधी मंगरूमामाचं, कधी आमच्या मैना गाईचं. तिन्ही खरी आहेत. आज एकदाचं सगळं लिहूनच काढते, म्हणजे पोरींना माझ्या गोष्टीतली तफावत शोधायचा धंदा उरणार नाही.

आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला पाठ लावून बसलेलं. पुढे धानाच्या बांध्या, मागे झाडी. घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बाबांची बैठक होती. तिथे एक झिजलेला ओंडका, त्याच्या उजवीकडे वाकस, डावीकडे पटाश्या, आणि समोर रंध्याच्या सालपटांचा ढीग. त्या ढिगात आमची मांजर बाळंत व्हायची. सकाळी जाग यायची ती करवतीच्या आवाजानं. करवत कुठल्या लाकडात चालली आहे हे मला अंथरुणातून कळे. सागात ती खर्जात गुणगुणे, धावड्यात दात खाई, आणि आंब्यात शिरली की सर्दी झाल्यासारखी बोले. तिकडे माय चुलीवर तांदळाचे चिले टाकायची. तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आणि करवतीचा खर्र एकमेकांत मिसळले की मी उठायची. आजही गोंदियात माझ्या खिडकीवरून बिरशीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांची विमानं घरघरत जातात तेव्हा मी अर्धवट झोपेत ठरवून टाकते, आज बाबांनी मोहाचं लाकूड घेतलेलं दिसतं.

बाबा नांगर करत, बैलगाड्या करत, दारं-चौकटी करत. पण गावात त्यांचा मान होता तो गाईच्या घंट्यांमुळे. नारळाएवढा लाकडाचा ठोकळा आतून पोखरायचा आणि त्यात दोन अंगांना दोन लाकडी जिभा टांगायच्या. गाय मान हलवेल तशी घंटी बोलते. जंगलात चरणारी ढोरं गायकीला, म्हणजे गुराख्याला, दिसत नाहीत, ती ऐकू येतात. बाजारात पत्र्याच्या घंट्या मिळत, पण त्या सगळ्या एकाच आवाजात कोकलत. लाकडाचं तसं नाही. साग गोड बोलतो, शिवण पोकळ हसते, बीजा, म्हणजे तुमच्याकडचा बिबळा, खणखणीत. त्यातही एका झाडाचा बुंधा आणि त्याचीच फांदी यांचे आवाज वेगळे. बाबा ठोकळा कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक करत आणि ऐकत बसत. मी विचारी, "काय म्हनते बाबा?" तर म्हणत, "आदी आयकू त् दे. तूच बोलून रायलीस."

सांज झाली की सगळं गाव कान देऊन बसे. जंगलाकडून आवाज येऊ लागत आणि ढोर दिसायच्या आधीच बाया दावी सोडायला उठत. "आली वं बांडी आमची," असं चुलीपुढूनच कोणी म्हणे. आणि या सगळ्या आवाजांचा मालक होता मंगरूमामा, आमच्या गावचा गायकी. तो आमचा सख्खा मामा नव्हता, सगळ्या गावाचाच मामा होता. बारीक अंगाचा, खांद्यावर गमछा, दातात बिडी, आणि कान असे की डोळे देवानं त्याला उगाच दिले असं वाटावं. ढोरं आखरावर सोडली की तो बायांना सांगे, "तुया गाईचा मांगचा पाय पाह्य वं, आज घंटी लंगडून रायली तिची." आणि पायात काटा निघे. आखर म्हणजे गावाबाहेरची ढोरं जमायची मोकळी जागा.

मला बाबांच्या बैठकीवर बसायचं होतं. बाबा बसू देत नसत. "पोरीची जात" वगैरे ते कधी म्हणाले नाहीत, ते शेजारी म्हणत. बाबांची तक्रार वेगळी होती. "तुया हात लाकडाले हुकूम सोडते," ते म्हणत. "लाकूड काय तुया नोकर हाय?" आणि खरंच, माझ्या हातात पटाशी आली की समोरचं लाकूड फाटायचं तरी किंवा माझा अंगठा तरी. शेवटी घरात ठरलं की दिवाळी झाली की मला गोंदियाला मावशीकडे शिलाई शिकायला पाठवायचं. मावशी चांगली होती, तिच्याकडे पंखा होता, स्टेशनाजवळ गरम समोसे मिळत. तरी पण ते ऐकलं त्या रात्री मी लाखोळीचं वरण ताटात तसंच ठेवलं. मायनं कपाळाला हात लावून पाहिला. मी वरण टाकलं म्हणजे ताप असलाच पाहिजे, असा तिचा अनुभव होता.

तेव्हा मी ठरवलं की आपला हात दाखवायचाच. पावसाळ्यात शेजारच्या देवाजीकाकांच्या कपिली गाईची घंटी जीभ तुटली म्हणून आमच्याकडे आली. ती घंटी म्हणजे बाबांच्या हातची सगळ्यात नावाजलेली. पलीकडच्या गावातले लोकही म्हणत, कपिली वाजते तशी गाय वाजली पाहिजे. आणि तिच्याच ओंडक्याचा उरलेला अर्धा ठोकळा सपरीच्या कोपऱ्यात पडून होता. बाबा चौकटी बसवायला परगावी जात तेवढ्या वेळात मी गवताच्या काड्या तोडून तोडून त्या घंटीचं माप घेतलं. आतून किती खोल, बाहेरून किती जाड, जीभ केवढी. मग त्याच मापानं तो ठोकळा पोखरला; सगळ्या दुपारी त्यातच गेल्या. यावेळी लाकूड फाटलं नाही. अंगठाही जाग्यावर राहिला. बाबांनी कपिलीच्या घंटीला नवी जीभ बसवल्यावर दोन्ही घंट्या शेजारी टांगून वाजवल्या तर कुठली कुठली हे मलाच कळेना. मी इतकी फुगले की माय म्हणाली, "काय वं, आज चाल कायले बदलली तुयी?" कपिलीची घंटी परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझी घंटी आमच्या मैनेच्या गळ्यात बांधून तिला ढोरांत सोडली.

त्या सांजेला ढोरं आली, पण त्यांच्यामागे मंगरूमामा आला नाही. असं कधी झालं नव्हतं. देवाजीकाकांच्या सरसूकाकूनं घंटी ऐकली, कपिली आली म्हणून वासराचं दावं सोडलं. वासरू उड्या मारत गेलं ते आमच्या मैनेला. मैना स्वभावानं तापट. तिनं वासराला ढकललं, वासराला धरायला आलेल्या काकूला ढकललं, आणि काकू शेणाच्या खड्ड्याशेजारी बसली. खड्ड्यात नाही, शेजारी, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरी ही गोष्ट सांगताना पोरी तिला खड्ड्यात पाडतात.

हा गोंधळ चालू असताना मंगरूमामा आला. बंडी उलटी घातलेली, शिवण बाहेर, चेहरा राखेचा. तो सरळ आमच्या सपरीत येऊन बसला.

"वाढी," तो बाबांना म्हणाला, "चकवा लागला गा मले."

चकवा म्हणजे जंगलात माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवणारं भूत. ते लागलं की अंगातलं कापड उलटं घालायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक.

"कपिली तराकडं वाजे म्हून तराकडं गेलो," मामा सांगू लागला. आमच्याकडे तळ्याला तरा म्हणतात. "त् डोंगरीवर वाजे. डोंगरीवर चढलो त् तरात वाजे. समोर कपिली, मांगं कपिली. मंग बंडी उलटी केली, मोहाखाली बसलो, अन् म्हनलं, नेतोस त् ने बाप्पा, पन आदी बिडी पिऊ दे."

"मंग?" बाबांनी विचारलं.

"मंग का? बिडी पेऊन झाली. कोनी आला नाही. म्हून घरी आलो."

एवढ्यात सरसूकाकू लंगडत आत शिरली. "वाढीभाऊ, तुमची मैना आमच्या कपिलीचा गरा लावून आली हाय! वासरूच फसलं माया!" 'गरा' म्हणजे गळा. ते ऐकून बाबा उठले. त्यांनी मैनेच्या गळ्यातली घंटी सोडली, काकूकडून कपिलीची मागवली, आणि एक या कानाशी, एक त्या कानाशी हलवली.

"कोनं केली?"

आता कौतुक होणार म्हणून मी पुढे झाले. मला अजून काहीच कळलेलं नव्हतं. "मी केली बाबा. एकदम सेम झाली ना?"

मंगरूमामानं कपाळावर हात मारला. "सेम! पोट्टी सेम म्हनते गा! आवो माये, घरात दोन पोट्ट्याईचं नाव एकच ठेवलं, त् मायनं हाक कोनाले माराची? मी आज वाघाच्या वाटंवर फिरून आलो तुया सेमपायी!"

मला वाटलं होतं बाबा ओरडतील. ते ओरडले नाहीत, हे जास्त वाईट झालं. घंटी फिरवून आतली बाजू बघत ते म्हणाले, "हात चांगला चालला. पन कान कुठी ठेवला होता?" आणि घंटी माझ्या हातात दिली. आमच्या गावचा रिवाज होता की जोडीची घंटी ठेवायची नाही. ती मीच चुलीत सारली आणि मीच फुंकर घातली. त्या जाळावर भात शिजला. माय वाढताना म्हणाली, "घ्या, आज कपिली भात." सगळे हसले. मीही हसले. भात चांगला झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

जेवून उठता उठता मंगरूमामाची बंडी सरळ झाली आणि जीवही थाऱ्यावर आला. तो बाबांना म्हणाला, "वाढी, पोट्टीचा हात वाया नोको घालवू. दिवाळीच्या पाडव्याले आखरावर नवी घंटी आनू दे तिले. मी डोऱ्याले पट्टी बांधतो. सगऱ्या ढोराईत तिची घंटी मले येगरी ओरखू आली, त् बसव तिले बैठकीवर."

"अन् नाही आली त्?" मायनं विचारलं.

"त् शिलाई," बाबा म्हणाले. "दोन बाह्या सेम पाह्यजेच रायतात सदऱ्याले. तिचं जमन तिथं."

हे बोलणं मला पटाशीपेक्षा खोल लागलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला उरलेल्या लाकडांच्या ढिगापुढे उभं केलं. "घे पाह्यजे तो," म्हणाले आणि पाठ करून कामाला लागले. मी आधी सरळ, गुळगुळीत सागाचा तुकडा उचलला. मग ठेवला. मग पहिल्यांदाच बाबांसारखं एकेका तुकड्यावर पेरानं टकटक केलं. सगळ्यात खाली एक बीजाचा ठोकळा होता, कोणीच न घेतलेला. फांदी फुटते तिथला, त्यामुळे त्याचे धागे वेणीसारखे पिळलेले. अर्धा भाग गाभ्याचा, तांबडालाल आणि घट्ट. अर्धा सालीलगतचा, पिवळट आणि मऊ, जो वाढई नेहमी तासून टाकतो. लाल अंगावर पेर मारलं, तो म्हणाला टोक्. पिवळ्या अंगावर मारलं, तो म्हणाला डुबुक. मला हसूच आलं. एका ठोकळ्यात नवराबायको राहत असल्यासारखं वाटलं.

अर्थात सवय एवढ्या लवकर जात नाही. मी आधी त्याला सरळ करायला निघाले. पटाशी उडाली आणि अंगठ्यात घुसली. बीजाचे छिलके पडलेल्या पाण्यात मी हात बुडवला. ते पाणी उन्हात निळं चमकतं हे मायला माहीत नव्हतं. "आवो पाहा न्, पोट्टीचं रगत निरं निंगलं!" असं ओरडत तिनं बाबांना जेवणावरून उठवलं. बाबांनी अंगठा पाहिला, पाणी पाहिलं, आणि मला म्हणाले, "लाकूड कुठी जाऊन रायलं ते पाह्य. तू नोको सांगू." त्यानंतर मी पटाशी धाग्याला लावून नुसती धरायची आणि तो पीळ जिकडे नेईल तिकडे जायची. पोकळी तिरपी झाली. लाल अंग जाड राहिलं, पिवळं पातळ झालं. प्रत्येक थर काढला की मी वाजवून बघे, आणि दोन्ही आवाज अजून आहेत ना याची खात्री करे. बाहेरून मी काही लपवलं नाही, ना रंग, ना नक्षी. फक्त मोहाच्या बियांचं तेल चोळलं, आणि लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा उमटल्या. मी तासभर ती नुसती बघत बसले. माय म्हणाली, "घंटी हाय का वाकडा कोहरा?" कोहरा म्हणजे कोहळा. बाबांनी हातात घेतली, फिरवली, परत दिली आणि ते करवतीला धार लावायला बसले. त्या धार लावण्यानं माझी दिवाळी गेली.

आता नागझिरा बघायला येणारे पाहुणे माझ्याकडून घंट्या नेतात आणि बाल्कनीत टांगतात. वाऱ्यानं वाजेल ना, असं विचारतात. मी म्हणते, वाजेल, पण गाय असली तर बरं. ते हसतात. मी काही विनोद केलेला नसतो.

त्या पाडव्याला सगळं गाव आखरावर लोटलं. गाईंच्या शिंगांना गेरू, पाठीवर रंगीत हातांचे छापे, गळ्यात झेंडूच्या माळा. ढोल वाजत होते, पोरं फटाके उडवत होती, बायांच्या हातात ओवाळणीची ताटं आणि ताटांत उडदाचे वडे, ज्यांतले निम्मे ओवाळण्याआधीच पोरांनी पळवलेले. मंगरूमामानं स्वतःच्या गमछ्यानं डोळे बांधले आणि मधोमध उकिडवा बसला. एकेक गाय त्याच्यामागून चालवत नेत. तो मान न वळवता सांगे, "देवाजीची कपिली. तेल्याची राणी. हे बांडी, आज पोट भरलं नाही तिचं." लोक वाहवा करत. वडे पळवणाऱ्यांत मीही होते, पण आता मी मैनेच्या गळ्यातली घंटीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते.

मैनेची पाळी आली आणि मैना उभीच राहिली. मी ढकललं, तिनं शेपटी माझ्या तोंडावर मारली. कोणीतरी ओरडलं, "घंटी मुकी हाय का वं?" मी मायच्या ताटातला शेवटचा वडा घेऊन मैनेपुढे धरला आणि उलटी चालत निघाले, तेव्हा बाईसाहेब हलल्या.

टोक्-डुबुक. टोक्-डुबुक.

सगळं आखर फिदीफिदी हसलं. गाय जणू एक पाय डबक्यात टाकत चालली होती. मंगरूमामानं मात्र मैनेचं नाव घेतलं नाही. त्याची बिडी विझली. मला समोर गोंदियाची गाडी दिसू लागली.

"ढोल थांबवा," तो म्हणाला. "आखीन एकडाव चालवा."

पुन्हा चालवली. कोणी हसेना. मामानं मान खाली घातली, हात जमिनीला टेकले आणि ऐकलं.

"हे गाय मैना होय," तो म्हणाला. "पाय टाकनं तिचंच. पन हे घंटी वाढयाची नाही. वाढी दोन्ही अंग बराबर करते. हे लाकूड जसं होतं तसंच बोलून रायलं, कोनं त्याले दामटलं नाही." मग त्यानं गमछा सोडला, डोळे चोळले आणि मला शोधलं. "हे पोट्टीनं केली. अन् मी सांगतो, मी मेल्यावर बी हे घंटी मले ओरखू येईन."

ढोलवाल्यानं आधी थांबून घेतलं. मग एका हातानं टोक् आणि दुसऱ्या हातानं डुबुक असं वाजवून पाहिलं. त्याला ते आवडलं असावं, कारण त्यानं तोच ठेका धरला. दुसरा ढोल त्यात शिरला, मग डफ, मग पोरांच्या टाळ्या, आणि बघता बघता सगळी मिरवणूक त्या वाकड्या ठेक्यावर गावाकडे निघाली. सरसूकाकूसुद्धा. पुढे मैना, तिच्यासोबत मी, आणि माझ्या शेजारी बाबा. आमचे बाबा कधी नाचत नसत. लग्नात त्यांना ओढलं तर ते मांडवाचा खांब तपासायला निघून जात. त्या दिवशी त्यांचा उजवा पाय टोक्ला उठला आणि डावा डुबुकला पडला. आधी कोणाला कळू नये असा, मग कळला तरी चालेल असा, आणि गावाच्या पहिल्या घराशी पोचेपर्यंत दोन्ही हात डोक्यावर. इतकं वाईट नाचताना मी माणूस पाहिलेला नाही. कशातच काटकोन नव्हता.

देवाजीकाका गर्दीतून वाट काढत बाबांजवळ आले आणि ढोलांच्या वर आवाज चढवून म्हणाले, "वाढी, माया कालवडीले बी एक करून दे गा अशी! पन अशीच नोको, येगरी!"

बाबा नाचायचे थांबले नाहीत. त्यांनी फक्त हनुवटीनं माझ्याकडे खूण केली.

"मले कायले सांगून रायला?" ते ओरडले. "घंटीवाली ते चालली न्. तिले विचार, टाइम हाय का तिच्यापाशी!"